पांढरं सिंक

निळे काका नमस्काराला हात जोडायचे तेव्हा आधी दिसायची त्यांची नखं. सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या रक्ताच्या काचा रंगवायचा निळा-जांभळा रंग तीस वर्षांत नखांच्या कडांत इतका मुरला होता की साबणाचं काही चालत नसे. चंडीगढच्या आमच्या महाराष्ट्र मंडळात मुलांनी त्यांना हे नाव दिलं आणि मग मोठ्यांनीही उचललं. मंडळाच्या जेवणात काकू त्यांना श्रीखंड वाढू देत नसत. "लोकांना वाटेल, विष कालवलंय," म्हणायच्या. काका हसून पापड वाढायला घ्यायचे.

ते मूळचे तासगावकडचे. इथल्या एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मुख्य तंत्रज्ञ होते आणि मी त्यांच्या हाताखाली होतो. नवा माणूस आला की ते प्रमाणपत्रांची फाइल बाजूला सारायचे. "कागद ऱ्हाऊ दे. नखं दाखव बघू."

नव्वदनंतरची ती वर्षं. मोहालीच्या रस्त्यांवर, डेराबस्सीच्या कारखान्यांमागे खासगी कॉलेजांचे फलक उगवत होते: नर्सिंग, एक्स-रे, लॅब टेक्निशियन, नोकरी पक्की. मंडळातली माणसं माहितीपत्रकं घेऊन काकांकडे यायची. काका ती उघडतही नसत. "बोलावल्याशिवाय जायचं. साधा वार बघून जायचं. इमारत बघू नका, लॅबमधलं सिंक बघा. निळं असेल तर पोरं काम करतात. पांढरंशुभ्र असेल तर आल्या पावली परत फिरा."

हवाईदलातले एक सार्जंट आमच्या शेजारी राहायचे. त्यांच्या इथंच हिंदीत वाढलेल्या मुलीला, रश्मीला, डेराबस्सीच्या एका कॉलेजात लॅबचा कोर्स करायचा होता. काका तेव्हा गावी गेले होते, म्हणून सार्जंटसाहेबांनी मला विचारलं, "तुम्ही लॅबमधले. एकदा बघून या. तुम्ही हो म्हणालात तर भरतो फॉर्म."

मी फोन करून गेलो. पहिली चूक तीच. कॉलेजनं गाडी पाठवली. दारात संचालक उभे. "आइए जी, डॉक्टरसाब!" मी डॉक्टर नाही. मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तसं म्हणत होतं आणि मी त्यांना थांबवलं नाही. संगमरवरी जिना, भिंतीवर रंगीत तक्ते, ओळीनं मांडलेले सूक्ष्मदर्शक. "आप भी कभी लेक्चर दीजिए ना, डॉक्टरसाब," संचालक म्हणाले. मग पनीर पकोडे आले.

घरी येऊन मी सार्जंटसाहेबांना म्हणालो, "पक्कं आहे. घाला."

दोन वर्षांनी रश्मी आमच्या लॅबमध्ये शिकाऊ म्हणून अर्ज घेऊन आली. काकांनी फाइल बाजूला सारली. "नखं दाखव बघू, पोरी." तिनं मेंदी दाखवावी तसे दोन्ही हात पुढे केले. नखं गुलाबी, स्वच्छ. काकांनी तिला काच दिली आणि रक्ताचा थेंब पसरायला सांगितलं. तिला काच धरताच येईना. "अंकल, हमें तो कॉपी में उतरवाते थे," ती म्हणाली, म्हणजे सगळं नुसतं वहीत उतरवून घ्यायचे, आणि रडू लागली. त्या कॉलेजच्या पदविकेला मान्यताच नव्हती, हे त्याच आठवड्यात कळलं.

ती गेल्यावर काकांनी मला विचारलं, "तू गेला होतास न्हवं तिथं? सिंक बघितलं होतंस?"

"नाही काका. लॅबला कुलूप होतं."

 काका नळाखाली हात धुऊ लागले, बराच वेळ. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

त्या वर्षी जेवणाच्या सुट्टीत रोज ते रश्मीला लॅबमध्ये बोलावून शिकवत. डबा उघडायलाही त्यांना वेळ मिळत नसे. "घाई करू नको. थेंब घाबरतो घाईला," असं काहीबाही सांगायचे. सहा महिन्यांत तिची काच माझ्या काचेहून चांगली निघू लागली. नखं निळी झाली. काकांनी तिला चार ठिकाणी मुलाखतीला पाठवलं. प्रत्येक ठिकाणी कागदच मागितला गेला आणि तिचा कागद खोटा होता. काका निवृत्त होऊन तासगावला गेले, तोवर ती मोहालीत एका औषधाच्या दुकानात गल्ल्यावर बसू लागली होती.

काका वारल्याचं पत्र काकूंकडून आलं, तेव्हा मी ते सांगायला त्या दुकानात गेलो. रश्मी बराच वेळ पावतीपुस्तकाशी चाळा करत राहिली. तिची नखं पुन्हा गुलाबी झाली होती.

"दादा, आपसे एक बात कहनी थी," ती म्हणाली. "पापा तुमच्यावर फार चिडले होते. काका घरी आले होते समजवायला. म्हणाले, त्याला लॅबच दाखवली नाही त्या लोकांनी. कुलूप होतं. दाखवली असती तर तो आल्या पावली परत फिरला असता, माझा माणूस आहे तो." मग ती हलकंसं हसली. "तुमची काय चूक, दादा?"

दुकानात गिऱ्हाईक आलं. ती औषध काढायला वळली. मी तिथंच उभा होतो. बोलायला वेळ होता आणि मी बोललो नाही.

म्हणून इथे लिहितो. कुलूप नव्हतं. पकोडे खाल्ल्यावर मी हात लॅबमधल्या सिंकमध्येच धुतले होते. ते पांढरंशुभ्र होतं.