चुन्याशिवायची भिंत

इस्माईलचाचा पडलेला दगड ओलांडून कधी पुढे गेले नाहीत. कुवेतमधल्या हवल्लीत आमच्या खोलीपासून कंपनीच्या गाडीपर्यंत जाताना एका जुन्या घराचं कुंपण लागायचं, समुद्रातल्या ओबडधोबड दगडांचं. त्यातला एखादा निखळलेला दिसला की चाचा उकिडवे बसायचे, दगड हातात फिरवून त्याची बैठक शोधायचे आणि फटीत दगडाची चीप ठोकूनच उठायचे. तोवर ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमलेला असायचा. मी पुण्याचा टायपिस्ट, वेळेच्या बाबतीत भित्रा. माझा जीव वरखाली व्हायचा. "बापट, गडगा पडलेला बघून तुला गाडीत बसवतं कसं रं?" असं उलट मलाच ऐकवायचे.

गडगा म्हणजे चुनामातीशिवाय नुसते दगडावर दगड रचून केलेली भिंत. गुहागरकडच्या त्यांच्या गावात चाचांच्या घराण्याचं तेच काम. पण एकोणीसशे साठच्या सुमारास कुवेतमध्ये सगळीकडे सिमेंटचे ब्लॉक चढत होते, आणि चाचांना तेच रचावे लागत. "सगळे एका मापाचे. ह्येला गवंडी कशाला होवा?" म्हणत ते रचायचे, पण ओळंब्यात केसाचाही फरक पडू द्यायचे नाहीत.

एकदा आमच्या इंग्रज साहेबाने ऑफिसात फोटो दाखवले. पेरू देशातल्या डोंगरावरचं इंका लोकांचं उजाड शहर, चुन्याचा थेंब नसलेल्या भिंती. "असे हात आता जगात उरले नाहीत," साहेब म्हणाला. मी ते मराठीत सांगितलं. चाचांनी आपले दोन्ही पंजे साहेबाच्या नकाशांवर ठेवले. "त्येला सांग, हे मोज म्हणावं."

साहेब हसला. तो आणि त्याचे मित्र सुट्टीत वाटाड्या घेऊन चार दिवस चालत तिथे जाणार होते आणि दोघे जण ऐनवेळी गळाले होते. "मग चला आणि दाखवा," तो थट्टेने म्हणाला. चाचांनी थट्टा बाजूला ठेवून होकार तेवढा घेतला. दोन वर्षांची घरी जायची सुट्टी आणि तिकिटं त्यांनी त्यापायी घालवली. खोलीतले गाववाले म्हणाले, म्हातारा बिथरला. पन्नाशी उलटलेली, छातीत दगडाची धूळ, आणि निघालाय डोंगर चढायला. चाचा रोज पहाटे अर्धवट इमारतीचे तीन जिने सिमेंटची गोणी पाठीवर घेऊन चढू लागले. कुवेतमध्ये दुसरा चढ आणायचा कुठून? दुसऱ्या रिकाम्या जागेवर दुभाष्या म्हणून त्यांनी मलाच धरलं, विचारलंच नाही. "तू बोल, मी चालतो," एवढंच म्हणाले.

पेरूत चालायला लागल्यावर दुसऱ्या दिवशी मोठी खिंड आली. हवा इतकी विरळ की मला स्वतःचं नाव आठवेना. चाचांची छाती भात्यासारखी वाजत होती. वाटाड्याने त्यांच्याकडे बघून मान हलवली: हा माणूस इथूनच मागे फिरलेला बरा. साहेबालाही ते पटलं. मी भाषांतर केलं, आणि खरं सांगतो, मनातून मलाही परतायचं होतं. चाचांनी मागे न बघता उत्तर दिलं. त्यातली शिवी गाळून मी सांगितलं, "ते म्हणतात, भिंतीला हात लावल्याशिवाय उतरणार नाही."

वाटाड्याने पिशवीतून कसलीशी हिरवी पानं काढून दिली, गालात धरायला. चाचांनी पानं उलटसुलट पाहिली. "चुना कुठाय?" त्यांनी बोटावर बोट घासून दाखवलं. वाटाड्याचे डोळे विस्फारले. तिथेही पानाला राखेची, चुन्याची गोळी लावतात. ती मिळाल्यावर चाचा म्हणाले, "भिंतीला न्हाय लागत, तोंडाला लागतो." दहा पावलं, थांबा, पुन्हा दहा पावलं, असं करत ते खिंड चढले. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि अभिमानही वाटत होता.

चौथ्या दिवशी ते शहर दिसलं. सगळे गुळगुळीत भिंतींचे फोटो काढू लागले. चाचांनी तिथे एकदा हात फिरवला, "झकास" म्हणाले आणि खाली उतारावरच्या शेतांच्या बांधांकडे गेले. तिथे साधे, वेडेवाकडे दगड होते, फटींत चिपा घातलेल्या. एक दगड निखळून पडला होता. पुढे काय होणार ते मला कळलं, पण मी पोचेपर्यंत चाचा उकिडवे बसले होते.

वाटाड्या ओरडत धावत आला. इथल्या दगडाला हात लावायचा नसतो! त्याचं बरोबरच होतं, पण चाचांना पडलेला दगड दिसला होता, झालं. दगड बसलाही होता. वाटाड्याने तो काढायला ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. हलेना. मग साहेबाने कोट काढून जोर लावला. चाचा हात बांधून बघत उभे होते.

"त्येला इचार," धाप टाकत ते म्हणाले, "हात उरलंत का संपलं?"

साहेबाने डोक्यावरची टोपी काढली.

परत आल्यावर चाचांनी कंपनीला सांगितलं, ब्लॉक रचायला दुसरा बघा. साहेबाने मुकादमी देऊ केली, तीही नको म्हणाले आणि बोटीत बसले. गावात गडगे रचत दोन पावसाळे काढले, मग छातीनेच घात केला. ते गेल्याचं पत्र आलं त्या दिवशी मी हवल्लीतल्या त्या कुंपणापाशी गाडी चुकवली.

पेरूतल्या बांधावरचा तो दगड अजून तिथेच असणार. हे मी खात्रीने सांगतो, कारण सगळे पुढे गेल्यावर मीही तो ओढून पाहिला होता.