वेगळा खड्डा मिळणार नाही

संग्रामपुरात कुणालाही जयमालाचं घर विचारा, तो आधी उलट विचारेल, "खड्ड्यावाली?" आडनाव कुणाच्या लक्षात नाही, नवऱ्याचं नाव तर नाहीच नाही. तिला त्याचं काही वाटत नाही. सत्तेचाळीस वर्षांत लोकांनी तिला बरीच नावं ठेवली, त्यातलं हे एवढंच तिने स्वतः कमावलेलं आहे.

जयमाला शाळेत पोरांची खिचडी शिजवते. माहेर सोनाळ्याचं, संत्र्याच्या बागेतलं. लग्न होऊन इथे आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूने तिला कोथिंबीर विकत आणायला बाजारात धाडलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहूकडे काळी कसदार जमीन, तीत कापूस नि सोयाबीन डोलतंय, आणि खायची भाजी मात्र टेम्पोत बसून परगावाहून येणार. यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं. टेम्पो उशिरा आला तर बायका टेम्पोवाल्याला शिव्या घालायच्या आणि घरी जाऊन पिठलं करायच्या.

खिचडीसाठी रोज पाटीभर साली निघत. त्या नालीत जायच्या आणि नाली तुंबायची. एके दिवशी जयमालाने पाटी नालीत ओतलीच नाही, तशीच घेऊन नगरपंचायतीच्या दारात उभी राहिली आणि गल्लीमागची पडीक जागा मागितली. तिथे बाभळी नि फुटके टायर याखेरीज काही नव्हतं. साहेब म्हणाले, घ्या, करून पाहा. बहुधा पाटी दारातून हलावी म्हणूनच म्हणाले असतील.

त्या जागेत चार खड्डे झाले. भाजीची हातगाडी लावणारा बशीर संध्याकाळी सडका पाला आणून टाकू लागला. त्याची बायको मुबीना पाल्याबरोबर आली ती फावडं घेऊन राहिलीच, आणि फावडं तिच्या हातात बशीरपेक्षा बरं चालायचं. गल्लीतल्या आणखी चार बायका आल्या. घराघरातल्या साली, शिळंपाकं, पानं गोळा करायची, त्यावर शेण, त्यावर तुरीचं कुटार म्हणजे मळणीनंतरचा भुसा, असे थर द्यायचे आणि दर आठ दिवसांनी सगळं वरखाली करायचं. तयार खतावर बाजूलाच वाफे केले. दोन वर्षांत तिथे अंबाडी, चवळी, दोडके, भेंडी असं काय काय पिकू लागलं. जयमाला पाटी डोक्यावर घेऊन ते गावात विकायची, तेव्हा तिची मान जरा जास्तच ताठ असायची.

मग यंदाचा श्रावण आला आणि जयमालाने घोडचूक केली. सोनाळ्याहून भावाचा, गोविंदाचा, फोन आला.

"ताई, लय गळ झाली यंदा. झाडाखाली नुसता सडा पडला हाये हिरव्या संत्र्याइचा. फेकूनच द्याचा हाये. तुह्या खड्ड्याले चालते का?"

दोन ट्रॉल्या येऊन उभ्या राहिल्या. मुबीनाने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "भाभी, पाटी-दोन पाट्या घ्या. एवढ्यानं खड्ड्याचं पोट बिघडन."

"माह्या माहेराहून आलेलं मी परत धाडू?" जयमाला म्हणाली.

एवढी शहाणी बाई, पण माहेरची गाडी परत पाठवायची म्हटल्यावर तिची मती फिरली. चारही खड्डे संत्र्यांनी भरले. वरून पावसाची झड लागली. आठव्या दिवशी खड्डे आंबले आणि असा वास सुटला की गल्लीत जेवायला बसणं मुश्कील. चिलटं चहाच्या कपात, देवाच्या निरांजनात, लेकरांच्या डोळ्यांत. चाळीस सह्यांचा अर्ज नगरपंचायतीत गेला. साहेबांनी जयमालाला बोलावून स्पष्ट सांगितलं, "महालक्ष्म्यांचा सण होऊ द्या. नंतरच्या सोमवारी मी येतो. गल्लीची हरकत कायम असेल तर जेसीबी लावून खड्डे बुजवून टाकू."

चूक तिची होती आणि ती तिने निस्तरली. दहा दिवस ती आणि मुबीना गुडघाभर चिखलात उभ्या होत्या. खड्डे उपसले, संत्री ठेचली, कुटार, राख, कोरडं शेण घालून पुन्हा भरले. वास गेला, चिलटं गेली. सह्या मात्र तशाच राहिल्या. अर्जावरची पहिली सही होती वच्छलाबाईंची, आणि ती हलल्याशिवाय खालची एकही हलणार नव्हती.

वच्छलाबाई गल्लीच्या तोंडाशी राहतात. बहात्तरी उलटलेली, सोवळ्याओवळ्याची कडक बाई. नवी नवरी असताना जयमालाला पुरण वाटायला त्यांनीच शिकवलं होतं आणि बाळंतपणात महिनाभर डिंकाचे लाडूही त्यांच्याच घरून आले होते. म्हणून जयमाला हक्काने गेली.

"काकू, वास गेला. तुम्ही या, पाहून घ्या."

"वासाचं नाई वं," वच्छलाबाई म्हणाल्या. "कोनाकोनाच्या घरचं खरकटं तुम्ही एका खड्ड्यात घालता. त्याच्यावरची भाजी मी देवीले दाखवू?"

कोनाकोनाच्या म्हणजे कुणाच्या, हे जयमालाला कळलं. बशीरची हातगाडी बाहेर समोरच उभी होती. तिला राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं, कारण ज्या हातचे लाडू खाल्ले त्या हाताने हे केलं होतं. ती उठून परत आली.

आपल्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, दुसऱ्या दिवशी त्यांचं जेवण. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी, सगळं केळीच्या पानावर. वच्छलाबाईंच्या घरचा रिवाज असा की त्या दिवशीचं उरलंसुरलं आणि पानं उंबऱ्याबाहेर कचऱ्यात जायची नाहीत. शिळीही ठेवायची नाहीत. त्याच संध्याकाळी दिवे लागायच्या आत अंगणात खड्डा करून पुरायची, आणि तो खड्डा पुढल्या भाद्रपदापर्यंत कुणी उकरायचा नाही. त्यांच्या सासूने हेच केलं, सासूच्या सासूने हेच केलं.

यंदा जेवणं उठली, पानं गोळा झाली, वच्छलाबाई टिकास म्हणजे कुदळ घेऊन अंगणात आल्या आणि उभ्याच राहिल्या. अक्षय्यतृतीयेला मुलाने, ज्ञानेश्वरने, आईच्या पायाला चिखल लागू नये म्हणून सगळ्या अंगणात सिमेंटचे ठोकळे बसवून घेतले होते. लाल-पिवळे, भारी देखणे. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर त्याने सगळ्यांना दाखवलेही होते. महालक्ष्म्यांचा खड्डा कुठे करायचा, हे तेव्हा आईच्या लक्षात आलं नाही आणि लेकाच्याही नाही. घरात तळहाताएवढी माती उरली नव्हती.

पाच वाजता जयमाला आणि मुबीना खड्ड्यावर होत्या. वच्छलाबाई एकट्याच आल्या. काखेत टोपलं, त्यावर धुतलेलं धोतर झाकलेलं.

"जयमाले, माहं एक काम कर. त्या कोपऱ्यात हातभर खड्डा खणून दे. वेगळा." मग त्यांनी ठोकळ्यांचं सांगितलं. "घंटागाडीत टाकू का देवीचं पान? लेकराइच्या डायपरासंग?"

पाच मिनिटांचं काम होतं. पाच मिनिटं टिकास चालवली असती तर सोमवारची चिंता मिटली असती, हे जयमालाला न कळायला ती काही दुधखुळी नव्हती. तिने टिकास उचललीही. तेवढ्यात तिचं लक्ष मुबीनाकडे गेलं. फावडं भिंतीला टेकवून ती नळाकडे हात धुवायला निघाली होती.

जयमालाने टिकास खाली ठेवली.

"वेगळा खड्डा नाई भेटणार, काकू."

"मी सही मागं घेते."

"घेऊ नका. बुजवू द्या खड्डे. पन वेगळा नाई. तुमच्यासाठी आज खणला तं मुबीनाले मी काय सांगू? दोन वर्षं झाले, ती तुमच्या घरच्या साली उचलून राह्यली. तिनं कधी विचारलं नाई, ह्या कोनाच्या म्हनून."

वाफ्यांजवळच्या जुन्या तयार खताच्या ढिगातून तिने ओंजळभर खत आणलं आणि वच्छलाबाईंच्या पुढे धरलं. "ह्यातलं तुमच्या घरचं कोनतं, दाखवा."

वच्छलाबाईंनी नाक आक्रसूनच वाकून पाहिलं. मग चिमूटभर बोटांत घेऊन चोळलं, नाकाशी नेलं. त्याला नांगरलेल्या वावराचा वास होता. बाकी कशाचाही नव्हता. त्यांनी टोपलं या काखेतून त्या काखेत घेतलं. समोर ऊन उतरत होतं आणि घरी दिवे लावायचे होते.

"खोल घाल," त्या शेवटी म्हणाल्या. "कुत्रे उकरतीन."

सगळ्यांच्या सालींच्या खड्ड्यात त्यांनी स्वतःच्या हाताने एकेक पान ठेवलं. मुबीना लांबच थांबली होती. वच्छलाबाईंनी मान वळवून पाहिलं.

"तू काऊन उभी वं? माती लोट."

मुबीनाने फावडं घेतलं. वच्छलाबाईंनी खड्ड्याला हात जोडले आणि मागे न पाहता निघून गेल्या. सहीचं काहीच बोलल्या नाहीत. जयमालाने विचारलंही नाही.

सोमवारी साहेब आले. मागे जेसीबी होता, धुरळा उडवत. गल्ली जमली. साहेबांनी अर्ज काढला आणि विचारलं, कुणाची हरकत कायम आहे?

वच्छलाबाई गर्दीतून पुढे आल्या.

"हे मशीन वापस न्या," त्या म्हणाल्या. "त्या खड्ड्यात माह्या महालक्ष्मीचं पान हाये. त्याले हात लावाचा नाई कोनी."

साहेबांना त्यातलं कितपत कळलं कोण जाणे. गल्लीला मात्र पुरतं कळलं. महालक्ष्मीचं पान असलेल्या खड्ड्यावर जेसीबी घाला असं म्हणणारा माणूस त्या गल्लीत जन्मायचा होता. उरलेल्या एकोणचाळीस सह्यांचे धनी एकमेकांकडे पाहत राहिले आणि मग ज्याला त्याला घरी काहीतरी काम निघालं.

जेसीबी गेल्यावर जयमाला चाचरत म्हणाली, "काकू, खड्डा वरखाली नाई केला तं पुन्हा आंबन."

"मंग मी आल्याबिगर करू नका," वच्छलाबाईंनी बजावलं.

दुसऱ्या तीन खड्ड्यांवर काम चालू राहिलं, तो एक तसाच राहिला. नवरात्र बसलं. नवमीच्या सकाळी वच्छलाबाई काठी टेकत आल्या. जयमाला आणि मुबीनाने खड्डा उघडला, खालचं वर काढलं. वच्छलाबाईंनी काठीने उकरून पाहिलं, वाकून पाहिलं, इकडचं ढेकूळ तिकडे केलं.

"माही पानं कुठी हायेत वं?"

"आता नाई सापडत, काकू," मुबीना म्हणाली.

वच्छलाबाईंनी आणखी एकदा काठी फिरवली. मग कंबरेवर हात ठेवून ताठ झाल्या आणि वाफ्यांकडे पाहू लागल्या. अंबाडी चांगली गुडघाभर वाढली होती.

"दोन जुड्या तोडून दे, मुबीना," त्या म्हणाल्या. "कवळी पाहून दे. नैवेद्याले पाहिजे."