खिडकीतल्या कपांवरची नावं

मी पदवीधर झालो तो माझी थोरली बहीण आक्का हिच्यामुळे. वडील गेले तेव्हा ती सातवीत होती. तिने शाळा सोडली आणि शिलाई मशीन धरलं. लग्न होऊन बार्शीला गेल्यावरही ती सासरच्या ओसरीवर शेजारणींची पोलकी शिवत राहिली, आणि इकडे सोलापुरात मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला. म्हणून सिंगापूरला नातीच्या बारशाला निघताना विमानतळावरून शेवटचा फोन तिलाच केला.

"पोरीचं नाव चांगलं ठेवा रे," एवढंच ती म्हणाली.

मी मनात हसलो. नाव मी ठरवूनच निघालो होतो आणि तिला त्याचा पत्ता लागू दिला नव्हता.

सिंगापूरच्या विमानतळातच एक धबधबा आहे. छतातून पाणी पडतं आणि लोक त्याच्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढतात. पाण्याकडे पाहणारा मी एकटाच असेन. मुलगा अमित घ्यायला आला होता. एमआरटीने (शहरातली रेल्वे) आंग मो किओला निघालो. डब्यात एक अक्षर कोणी बोलत नव्हतं. इतकी माणसं इतकी गप्प मी फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये पाहिली आहेत.

अमितचं घर बाराव्या मजल्यावर. दार सून कासियाने उघडलं. ती पोलंडची, अमितच्याच कंपनीत इंजिनिअर; आमचं बोलणं इंग्रजीत. तिने वाकून नमस्कार केला आणि पाच आठवड्यांची नात माझ्या हातात दिली. पोरीला अजून नाव नव्हतं. नोंदणीची मुदत चार दिवसांवर आली होती, आणि घरात तिला नुसतं 'बाळ' म्हणत होते.

खिडकीत कागदी कपांची रांग होती. मोजले तर सतरा.

"भांडी घासायला बाई येत नाही वाटतं?" मी विचारलं.

"बाबा, ती टेस्ट आहे," अमित म्हणाला.

दोघांचं ऑफिस वन-नॉर्थला. तिथे खाली कॉफीवाली आहे, ती गिऱ्हाइकाचं नाव विचारून कपावर लिहिते. हे दोघं दर खेपेला तिला निराळं नाव सांगायचे. बाळंतपणाच्या रजेतही कासिया बाबागाडी घेऊन तिथे जायची. कॉफीवालीने एकदा ऐकून बरोबर लिहिलं तर नाव पास. माझी नात, आणि तिचं नाव ठरवणार कॉफीवाली!

रात्रीच्या जेवणाआधी टीव्हीवर तक्ता लावला. रकाने दोन, पोलिश आणि इंग्रजी. पोलंडच्या आजीला नाव सहज म्हणता आलं पाहिजे. ते मुलीच्या नावासारखं शेवटी 'आ'वर टेकलं पाहिजे. शेपटीवालं पोलिश अक्षर नको, परदेशातली मशीनं ती शेपटी कापतात. आणि उद्या इंग्रजीत नोकरी करताना कोणी "काय म्हणालात?" असं विचारता कामा नये. दोन इंजिनिअर, दोन पगार, आणि एका चार किलोच्या पोरीसाठी जणू धरणाचं टेंडर काढलं होतं.

"मराठीचा रकाना कुठाय?" मी विचारलं.

"मराठीत काहीही चालतं, बाबा."

मराठीत काहीही चालतं! हे वाक्य मी उशाशी घेऊन झोपलो.

सकाळी मला हॉकर सेंटरला (एका छपराखालची स्वस्त खानावळींची रांग) नेलं. गर्दी होती, पण एक टेबल रिकामं दिसलं. वर कागदी रुमालांचं छोटं पाकीट पडलं होतं. कोणी तरी विसरलं असेल म्हणून मी एक रुमाल काढून तोंड पुसलं आणि बसलो. तेवढ्यात वाफाळतं ताट घेऊन एक बाई आली.

"अंकल, धिस टेबल गॉट पीपल ऑलरेडी, लाह!"

अमितने तिची माफी मागितली आणि मला उठवलं. इथे जागा अशी धरतात, त्याला 'चोप' म्हणतात. तोंड पुसायच्या कागदावर इथे मालकी सिद्ध होते, आणि पोटच्या पोरीला नाव द्यायचं तर सतरा कप. मी हे मोठ्यांदा बोललो. अमितने फक्त माझ्यापुढे काया टोस्ट (नारळाच्या गोड मुरांब्याचा पाव) सरकवला. चांगला होता, पण मी तसं म्हटलं नाही.

तिथेच मी माझं नाव बाहेर काढलं. "मीरा."

कासियाने बोटांवर नियम मोजले. "मीरा... पोलिशमध्ये चालतं. माझ्या शाळेत होती एक. इंग्रजीतही." ती अमितकडे बघत राहिली. दुपारी दोघं वन-नॉर्थला जाऊन अठरावा कप घेऊन आले. कॉफीवालीने बरोबर लिहिलं होतं. सोलापूरच्या बी.ए.ने जे एका दमात सांगितलं, त्यासाठी यांचा तक्ता पाच आठवडे घाम गाळत होता. हे मी दोघांना दोनदा ऐकवलं.

बारशाच्या दिवशी पाळण्याला फुलं बांधताना कासियाने विचारलं, "मीरा कोण, बाबा?"

मी अभिमानाने सांगितलं. आक्काचं माहेरचं नाव मीरा. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवरीचं नवं नाव लिहीत. सासरच्यांनी 'सुनंदा' लिहिलं. मी तेव्हा पाचवीत होतो, पेढे मीच वाटले. त्या दिवसापासून मीरा कोणीच उरली नाही. तिचं हरवलेलं नाव नातीला देऊन मी तिचं ऋण फेडणार होतो.

कासियाची फुलं हातातच राहिली. "तिला विचारलं होतं का?"

"तेव्हा कोण विचारतं?"

"आणि आता?"

"भेट काय विचारून देतात?"

"बाबा," ती शांतपणे म्हणाली, "सतरा कप बघून तुम्ही हसलात. तुमच्या बहिणीच्या वेळी एकही कप नव्हता."

अमितने बार्शीला व्हिडिओ कॉल लावला. तसाही तो लावायचाच होता. अमितला बहीण नाही, म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा आत्याचा मान त्याच्या आत्याला, म्हणजे आक्काला दिला होता. ती नवं लुगडं नेसून मशीनपाशीच बसली होती.

"आत्या, बाबा म्हणतायत बाळाचं नाव मीरा ठेवू."

आक्का मोबाइलपाशी वाकली.

"कुनाचं?"

"तुझंच, आक्का," मी म्हणालो. "तुझा मान म्हणून."

"मान ऱ्हाऊ दे. एकदा न इचारता काढून घेतलं. आता न इचारता वाटून टाकतोस व्हय रे? मी काय मेले का?" तिने चष्मा काढला. "अजून मशीनवर बसले की मी माझ्याशी बोलते. मीरे, दोरा ओव. मीरे, पुरे आता, डोळं दुखतील. तेवढं एक माझं हाय. ते न्हाय द्यायची मी. पोरीला तिचं निराळं ठिवा."

अमितने अडखळत भाषांतर केलं. कासिया उठली, खिडकीतला अगदी पहिला कप घेऊन आली आणि तो फोनपुढे धरून म्हणाली, "निना?"

"निना," आक्काने म्हणून पाहिलं. "ब्येस हाय. हाक मारायला सोपं."

अमितने फोन पाळण्यात बाळाच्या कानाशी नेला. बार्शीहून "कुर्रर्र... निना" आलं आणि बाळ दचकून शिंकलं. नाव सांगितल्यावर आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, हे कासियाने कुठेतरी वाचलं होतं.

"पाठ तर बार्शीत आहे," अमित म्हणाला.

"मग बाबांची," ती म्हणाली, आणि दोघांनी माझ्या पाठीत हात मोकळा करून घेतला. तिचा हात जड आहे.

परतीच्या विमानात मी सिंगापूरला नावं ठेवायचं थांबवलं. तक्त्याचं मला अजूनही हसू येतं. पण त्या दोघांनी पाच आठवडे जे केलं, ते आम्ही आमच्या घरच्या बाईसाठी पन्नास वर्षांत एक मिनिटही केलं नाही, आणि मी तर पेढे वाटले. सोलापूरला पोचल्यावर पहिलं काम हे पत्र टाकण्याचं केलं.

प्रिय मीराआक्का,

सुखरूप पोचलो. निना छान आहे, तिचा फोटो सोबत आहे. पेढे वाटल्याबद्दल माफी मागायला मला इतकी वर्षं लागली. तू शिकवलंस आणि मी एवढंही शिकलो नाही.

आता विचारतो. तुला मीरा म्हणू का? नको असेल तर तसं कळव, मी आक्काच म्हणेन.

पाकिटावर मात्र न विचारता मीरा लिहिलं आहे, ही शेवटची चूक. पोस्टमन विचारेल, ही कोण. तूच सांग त्याला.

तुझा भाऊ