चौकात आधीच झालेली नागरिक

माझा जन्म कराचीचा. पणजोबा तिकडच्या बंदरावर नोकरीला गेले ते तिथलेच झाले, आणि फाळणी झाली तेव्हा घरातल्या कुणालाच सामान बांधायचं सुचलं नाही. त्यामुळे मी घरात मराठी बोलणारी, दीड दिवसाचा गणपती बसवणारी आणि पासपोर्टावर पाकिस्तानी. लग्न होऊन पारनेर तालुक्यातल्या गावात आले. नवरा लांबच्या नात्यातला, शाळामास्तर. नियमाप्रमाणे मुदत भरली तसा नागरिकत्वाचा अर्ज केला. मग माझी लेक चालायला लागली, शाळेत गेली, दहावीला बसली. अर्ज होता तिथंच होता.

तोवर मला परवानगीशिवाय जिल्हा ओलांडायचा नव्हता. म्हणून लग्नानंतर फिरायला जिल्ह्यातलंच भंडारदरा, आणि पुढे प्रत्येक सुट्टीतही भंडारदराच. नणंदेला शिरूरचं स्थळ आलं. शिरूर नदीपलीकडं, म्हणजे पुणे जिल्हा. सासूबाईंनी पाहुण्यांना तोंडावर सांगून टाकलं, "साखरपुडा नदीच्या अलीकडंच करा. आमची सून पाकिस्तानची हाय, तिला पूल वलांडता येत न्हाई." पाहुणे बराच वेळ चहाच्या कपात बघत बसले. साखरपुडा अलीकडच्या काठावर झाला.

चौकशीला नेहमी एकच हवालदार यायचे. चहा घेत विचारायचे, "वहिनी, तुमी हितंच ऱ्हाता ना?"

"लेकीच्या बारशाला तुम्ही जेवून गेलात की."

"व्हय, पन इचारावं लागतं."

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते, कारण डोळ्यांसमोर आई होती. ती कराचीत भावाकडे. मध्येच तिला भेटायला गेले असते तर अर्जासाठी लागणारा इथला सलग मुक्काम तुटला असता, आणि परत येऊ देतील याचीही खात्री नव्हती. फोनवर आईच म्हणायची, "आधी तिकडची हो, मग माझ्याकडे ये." अर्ज केला तेव्हा माणसं जात-येत होती, त्यामुळे हा हिशोब आम्हा दोघींना सरळ वाटला.

एकदा कचेरीतून फोन आला की फाइल वर गेली. नवऱ्यानं ही बातमी शाळेत सांगितली, एवढीच त्याची चूक. आमच्या गावात कुणाची म्हैस प्रदर्शनात पहिली आली तरी चौकात फ्लेक्स लागतो. दुसऱ्याच दिवशी मंडळाच्या पोरांनी माझा लावला: 'भारताचे नागरिकत्व मिळाल्याबद्दल आपल्या लाडक्या वहिनीसाहेबांचे हार्दिक अभिनंदन'. मध्ये माझा लग्नातला फोटो, भोवती गॉगलवाले शुभेच्छुक. त्यातले निम्मे मला ओळखतही नव्हते. कुणीतरी त्या फ्लेक्सचा फोटो काढून वरच्या साहेबांना पाठवला.

हवालदार आले आणि चहा नको म्हणाले.

"वहिनी, तुमी नागरिक झाल्या का?"

"नाही हो."

"मग चौकात कशा काय झाल्या?"

रीतसर पंचनामा झाला. फ्लेक्सची लांबी-रुंदी मोजली. पंच म्हणून जे दोघे उभे केले, ते दोघेही फ्लेक्सवर शुभेच्छुक होते. मी भारताची नागरिक असल्याचं मी कधीही म्हटलेलं नाही, असा माझा जबाब घेतला, आणि फाइल फेरतपासणीसाठी खाली आली. मंडळाची पोरं तोंड पाडून घरी आली. "आमी दुरुस्त करतो," म्हणाली. त्यांनी 'मिळाल्याबद्दल'वर पांढरी पट्टी चिकटवून त्यावर 'मिळेल तेव्हा' लिहिलं. मिळेल तेव्हा हार्दिक अभिनंदन. सासूबाईंना हे पहिल्यापेक्षा जास्त आवडलं.

मला मात्र त्या पट्टीचा भयंकर राग यायचा. भाजी आणायला जाताना मी मान वळवून जायची. त्याच वर्षी आई न्हाणीघरात पडली, तिच्या खुब्याचं हाड मोडलं. भाऊ व्हिडिओ कॉल लावायचा, पण त्याचा हात हलायचा आणि मला आईऐवजी पलंगाचा पाय दिसत राहायचा. मी इकडे पलंगाच्या पायाशी बोलत रडायची.

शेवटी नगरला कलेक्टर कचेरीत बोलावून माझ्या हातात प्रमाणपत्र दिलं. साहेबांनी हात जोडले, सासूबाईंनी शिपायापर्यंत सगळ्यांना पेढे वाटले. पण एव्हाना दोन्ही देशांमधलं येणं-जाणं बंद झालं होतं. इतकी वर्षं इथून बाहेर पडता येत नव्हतं. आता भारतीय झाले, तर तिकडं शिरता येत नव्हतं. जिथं जन्मले तिथं जायला मला व्हिसा हवा होता आणि तो कुणालाच मिळत नव्हता.

आईला फोन लावून नागरिक झाल्याचं सांगितलं. ती खूश झाली. "मग कधी येतेस?" मी अडखळत सगळं समजावलं.

"हरकत नाही," ती म्हणाली. "मग मीच इकडून तिकडं यायचा अर्ज करते. तुमच्याकडं लवकर होतं का गं?"

मी म्हटलं, "होतं, आई. लवकर होतं."