गोजरबाईंनी बुजवलेली जाळी

सोनईच्या गोजरबाईंना फाटकं बघवत नाही. साऱ्या आळीच्या गोधड्यांना त्यांचीच ठिगळं. अशा बाईला जाळीची शाल शिकवणं म्हणजे माझ्या डोक्याला ताप.

त्यांची लेक स्नेहल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, मुलगी झाली. आमच्याकडे बारशापर्यंत बाळाला जुनं, मऊ झालेलं कापडच घालतात. पहिलं नवं वस्त्र बारशाला. ते आपल्या हातचं हवं, हा गोजरबाईंचा हट्ट. स्नेहलने मोबाईलवर विणायची जाळीची शाल पसंत केली. विणायचा नमुना इंग्रजीत आणि मी शाळेत इंग्रजी शिकवणारी शेजारीण, म्हणून तो माझ्या गळ्यात.

सुलट-उलट टाके त्यांना येत होते. अडलं नमुन्यातल्या 'वायओ'पाशी, म्हणजे 'यार्न ओव्हर'पाशी.

"म्हंजे काय, बाई?"

"लोकर सुईवरून घ्यायची. टाका वाढतो, खाली भोक पडतं. मग दोन टाके एकत्र विणायचे, की संख्या जुळली. कुणी यालाच वायआरएन म्हणतं, कुणी वायएफडब्ल्यूडी. पुढचा टाका सुलट की उलट, तशी लोकर फिरवायची. बाकी नुसता थाट!"

"सासरी सुनेचं बी असंच. ज्याला जे सुचंल ते नाव."

चार दिवसांनी त्यांच्या ओसरीवर गेले. शाल वीतभर झाली होती आणि तिला एकही भोक नव्हतं! प्रत्येक भोक मागून त्याच लोकरीने रफू केलेलं.

"अहो, भोकं हीच नक्षी!"

"ठाव हाय. पन पोरीचं पहिलं नवं वस्त्र, आन् ते भोकाभोकाचं? हात आपसूक सुईकडं गेला."

मी रागवणार, तोच स्नेहलने आईने शिकताना विणलेला चौकोन उचलला. तो भोकांसकट तसाच पडून होता. तिने तो बाळाच्या पोटावर टाकला. बाळाने मूठ हलवली, एक बोट जाळीत अडकलं, आणि त्या बोटाने लोकर घट्ट धरली.

"आई, उसव ना ते रफू," स्नेहल हळूच म्हणाली. "मला तसलीच हवी. तुझ्याकडं काय रोज मागते का मी?"

गोजरबाईंनी चष्मा पुसला. कात्री घेतली. मग माझ्यावरच खेकसल्या, "बसा की बाई! फुडची वळ वाचा."

बारशाला त्यांच्या नणंद आक्काबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "वैनी, नातीला फाटकं?"

"फाटकं न्हाई, वन्सं. एकेक भोक मुद्दाम पाडलंय," असं म्हणत गोजरबाईंनी शालीची घडी मोडली आणि ती पाळण्यावर पुरती पसरून धरली.