हरलेल्या मॅचचं फुटेज

"ट्रॉफी कधी येणार?" बापटजींनी पुन्हा विचारलं. एडिट रूममध्ये ते माझ्या शेजारी बसले होते आणि स्क्रीनवर सर्बियाच्या मुली चिखलात गोलावर गोल खात होत्या.

बापटजी इंदूरला मुलींची फुटबॉल अकॅडमी सुरू करत होते. उद्घाटनाला पालकांना दाखवायला त्यांना एक छोटी फिल्म हवी होती, सर्बियातल्या एका महिला क्लबच्या इतिहासावर. हंगेरीच्या सीमेजवळचं शहर. पुरुषांचा क्लब जुना, नावाजलेला. मुलींची टीम मागून आली. पण पुढे याच मुलींनी देशाची लीग वर्षामागून वर्षं जिंकली, युरोपच्या मोठ्या स्पर्धेत धडक मारली. फुटेज बापटजींनी रीतसर परवानगी काढून मागवलं होतं. मी एडिटर. म्हणजे दुसऱ्यांनी शूट केलेल्यातलं काय ठेवायचं नि काय कापायचं ते ठरवणारी. निदान क्लायंट येईपर्यंत तरी.

त्यात एक जुनी क्लिप होती. कुणाच्या तरी वडिलांनी घरच्या कॅमेऱ्यावर, गोलच्या मागून घेतलेली. चेहरे धड दिसत नाहीत. पुरुषांच्या ढगळ जर्सी घातलेल्या मुली स्वतःच नेट बांधतात, हरतात, आणि नेट सोडून, घडी करून घरी नेतात. माझा रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जोडणी, तिथूनच सुरू होत होता. म्युझिक नाही, नुसता वारा.

खरं सांगायचं तर ती क्लिप मी माझ्यासाठी ठेवली होती. कॉलेजात मी गोलकीपर होते. आमची टीम फार टिकली नाही. कुणाचं लग्न झालं, कुणाचं बी.एड., आणि ग्राउंड क्रिकेटवाल्यांकडे गेलं. त्या दिवसांचा एक फोटोसुद्धा माझ्याकडे नाही. क्लिप बघताना माझे तळहात शिवशिवायचे. मला ते दिवस परत हवे होते. आपले नाहीत म्हणून सर्बियाचे चालवून घेत होते, इतकंच.

"ऑडियो गया क्या?" बापटजी म्हणाले.

"नाही, मुद्दाम तसं ठेवलंय."

"मॅडम, हे निकालून टाका. हरणाऱ्या लडकियाँ बघून कोण ॲडमिशन घेईल?"

"पहिल्या वर्षी तुमच्याही मुली हरणारच की."

"हरतील. पण पेरेंट्सना ते आत्ताच बताना जरूरी आहे का?"

फिल्म त्यांची होती. मी क्लिप काढली, धडामधुडूम म्युझिक घातलं आणि पहिल्याच शॉटला ट्रॉफी आणली. उद्घाटनाला टाळ्या पडल्या, ॲडमिशन झाल्या, आणि बापटजींनी खजरान्याच्या गणपतीचे लाडू पाठवले.

एडिटर कापलेलं कधी टाकून देत नाहीत, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात. बापटजींना विचारून ती क्लिप मी वंदनाला पाठवली. वंदना आमची कॅप्टन. आता सुदामा नगरात राहते, शाळेत गणित शिकवते. सोबत मी काहीच लिहिलं नव्हतं.

लगेच तिचा फोन आला. "अगं, ये कब का आहे? आपल्याला कोणी शूट केलं होतं?"

ती बोलतच होती.

"गोलमध्ये तूच आहेस ना? तशीच उभी, कमरेवर हात ठेवून. मला वाटलं होतं, आपलं कुछ नहीं बचा."

सांगावं तर लागणारच होतं. "वंदना, ही सर्बियाची टीम आहे गं."

ती म्हणाली, "अच्छा. फिर भी, राहू दे माझ्याकडे."

फोन ठेवल्यावर मला रडू आलं. एवढ्या वर्षांत आमच्या टीमसाठी मी रडले नव्हते.

जिंकल्यावर शूटिंग करायला सगळा गाव लोटतो. हरतानाचं आपलं आपणच करून ठेवायचं असतं. त्या सर्बियन वडिलांना काय ठाऊक होतं, पोरी पुढे चॅम्पियन होणार म्हणून?

बापटजींच्या मुलींची पहिली मॅच रविवारी होती. कॅमेरा घेऊन मी गोलच्या मागे जाऊन उभी राहिले. मुली सपाटून हरल्या. मी सगळं घेतलं.