जोतिबाचा चढ आणि कॉइलच्या उलट्या वायरी

पुणे सोडतानाच आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अट सांगून टाकली. "मोटार जोतिबाचा डोंगर चढली तर ठेवू. नाही चढली तर विकून टाकू."

ही मोटार माझ्यापेक्षा वयाने मोठी आणि माझा तिच्यावर भारी जीव. म्हणून आदल्या दिवशी मी इंजिनाचा कोपरा न् कोपरा पुसला होता, पार वायरी काढून.

वाटेतल्या घाटात थोड्या धापा टाकल्या तेवढं सोडलं, तर कोल्हापूरपर्यंत मोटारबाई मजेत आल्या. जोतिबाच्या चढावर मात्र त्यांना उचक्या लागल्या आणि तिसऱ्या वळणावर त्या बसल्याच. नारळ घेऊन निघालेले भाविक जमले. एक म्हणाला पेट्रोलात कचरा, दुसरा म्हणाला नजर लागली. आप्पांनी नुसतं वर डोंगराकडे बघितलं, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मोटारीचं तोंड वळवून उताराने खाली आलो आणि कोल्हापुरात, शाहूपुरीत, आप्पांच्या ओळखीच्या रशीदचाचांचं गॅरेज गाठलं. सपाटीवर मोटार पुन्हा शहाण्यासारखी चालत होती.

चाचांनी बॉनेटला हातही लावला नाही. "पावणं, काय खाल्लंय का न्हाय? आधी मिसळ, मग मोटार!"

शेजारून मिसळ आली. वर कट (झणझणीत तर्री) दोनदा ओतला गेला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यातलं निम्मं मोटारीसाठी होतं.

"अट एकदाच असते," आप्पा म्हणाले. "वय झालं तिचं. चाचा, एखादं गिऱ्हाईक बघा."

चाचांनी कानावरची पेन्सिल काढली. प्लगवरची वायर उपसून वायर आणि प्लगच्या मधोमध पेन्सिलीचं टोक धरलं. मी स्टार्टर मारला. आप्पा वाकून बघू लागले.

"ठिणगी प्लगाच्या अंगाला फुलाय पायजे. ही वायरीच्या अंगाला फुलतीया. ठिणगीला जोर देती ती कॉइल, तिच्याच दोन्ही वायरी उलट्या जोडल्यात की! ठिणगी अशक्त पडती. सपाटीला निभतंय, चढाला न्हाय. कुणाचा उद्योग ह्यो?"

गप्प बसलो असतो तर माझी अब्रू वाचली असती आणि मोटार गेली असती.

"माझा," मी म्हणालो. "पुसताना काढल्या, जोडताना अंदाजाने जोडल्या. आप्पा, तिचा काही दोष नाही हो!"

चाचा इतके मोठ्याने हसले की मिसळवालाही बाहेर आला.

वायरींची अदलाबदल झाली आणि मोटार एका दमात डोंगर चढली. दर्शन झाल्यावर आप्पांनी तिच्या बॉनेटला गुलाल लावला आणि माझ्यापुढे हात पसरला. मी किल्ली दिली.

"मोटार विकायची नाही," ते म्हणाले. "तू मागे बस. कशाला हात लावू नकोस."

पुण्यापर्यंत मी हात मांडीवर ठेवून मागे बसून आलो. इतका सुखाचा अपमान माझा आजवर कुणी केला नव्हता.